गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थी आणि न्यायसहायक विज्ञान : प्रशिक्षण, रोजगार व महाविद्यालयांची जबाबदारी

सारांश

१ जुलै २०२४ पासून देशात लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी गुन्ह्याच्या तपासात वैज्ञानिक पुराव्याला मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्यामुळे न्यायसहायक विज्ञान अर्थात फॉरेन्सिक सायन्स या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढत आहे. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून या क्षेत्राचे स्वरूप, उपलब्ध प्रशिक्षण आणि रोजगाराचे मार्ग यांचा परामर्श घेतला आहे. प्रयोगशाळेतील पदे मर्यादित असली तरी घटनास्थळी पुरावा ओळखणारे, जपणारे आणि नोंदविणारे प्रशिक्षित मनुष्यबळ ही जिल्ह्याची खरी गरज आहे आणि ती भागविण्यात जिल्ह्यातील पदवी महाविद्यालयांना निश्चित वाटा उचलता येईल, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : न्यायसहायक विज्ञान, गुन्हे विश्लेषण, घटनास्थळ, मुद्देमाल, कौशल्यवृद्धी अभ्यासक्रम.

प्रस्तावना

बारावी विज्ञान किंवा बी.एस्सी. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आज प्राध्यापकांकडे जे प्रश्न घेऊन येतो, त्यांत "फॉरेन्सिकला जाऊ का?" हा प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी या क्षेत्राभोवती एक वलय निर्माण केले आहे. मालिकेतील तज्ज्ञ एका तासात रक्ताचा डाग तपासतो, गुन्हेगार ओळखतो आणि त्याला पकडूनही देतो. प्रत्यक्षात नमुना गोळा करणारा, तो तपासणारा आणि आरोपीला अटक करणारा या तीन वेगवेगळ्या व्यक्ती असतात. त्यांच्या कामाची पात्रता, सेवाशर्ती आणि जबाबदारी वेगवेगळी असते. हा भेद स्पष्ट न करता विद्यार्थ्याला मार्गदर्शन केल्यास त्याची दिशाभूल होण्याचा संभव आहे. खाजगी पदविका अभ्यासक्रमांचे भरमसाट शुल्क लक्षात घेता ही दिशाभूल ग्रामीण कुटुंबाला परवडणारी नाही.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. आठ तालुक्यांचा हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. भातशेती, जंगल, तलाव आणि मुंबई-हावडा मार्गावरील रेल्वे जंक्शन ही त्याची ओळख होय. या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी न्यायसहायक विज्ञान म्हणजे नेमके काय आणि त्यासाठी महाविद्यालयाने काय करावे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

न्यायसहायक विज्ञान व गुन्हे विश्लेषण : संकल्पना

न्यायदानास साहाय्य करण्यासाठी विज्ञानाचा केलेला वापर म्हणजे न्यायसहायक विज्ञान. ते एकच शास्त्र नसून रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र व मानसशास्त्र यांचे उपयोजन आहे. महाराष्ट्रात पोलीस कर्मचारी आजही प्रयोगशाळेच्या अहवालाला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात. 'केमिकल ॲनालायझर' म्हणजे रासायनिक विश्लेषक या जुन्या पदनामाची ती खूण आहे. आज राज्याच्या गृह विभागांतर्गत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय कार्यरत असून त्याचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. विषशास्त्र, जीवशास्त्र व रक्तजलशास्त्र, डीएनए, सामान्य विश्लेषण, प्रक्षेपकशास्त्र, दारूबंदी व उत्पादन शुल्क, संगणक गुन्हे, ध्वनी विश्लेषण आणि मानसशास्त्र अशा शाखांतून तेथे तपासणी केली जाते. अंगुलिमुद्रा आणि हस्ताक्षर यांची तपासणी मात्र राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या अखत्यारीत येते.

न्यायवैद्यकशास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. शवविच्छेदन करण्याचा अधिकार वैद्यकीय पदवीधरालाच असतो, न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीधराला नाही. या बाबतीत विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो.

गुन्हे विश्लेषण ही या क्षेत्राला समांतर असणारी शाखा होय. एका गुन्ह्याचा पुरावा तपासणे हे प्रयोगशाळेचे काम, तर अनेक गुन्ह्यांच्या नोंदींतून वेळ, ठिकाण आणि पद्धत यांचा आकृतिबंध शोधणे हे विश्लेषकाचे काम. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना १९८६ मध्ये झाली. पुढे पोलीस ठाणी संगणकीय जाळ्याने जोडली गेल्यावर या कामाला वेगळे परिमाण लाभले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यासाठी 'मार्व्हल' ही संस्था नागपुरात स्थापन केली. संख्याशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र आणि संगणक या विषयांच्या विद्यार्थ्यांना या शाखेत वाव आहे. न्यायसहायक क्षेत्र केवळ विज्ञान शाखेचे आहे, हा समज त्यामुळे दूर व्हावयास हवा.

बदललेला कायदा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ च्या पोटकलम ३ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळाला भेट देऊन पुरावा गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण होणे बंधनकारक करण्यात आले आहे. राज्यांनी ही तरतूद पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक आहे. कलम १८४ नुसार बलात्कारपीडितेची वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने, माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत व्हावयास हवी आणि डॉक्टरने सात दिवसांत अहवाल द्यावयाचा आहे. शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञांचे अहवाल कलम ३२९ अन्वये पुरावा म्हणून वापरता येतात. तथापि न्यायालय तज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावू शकते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रात त्याचे 'हॅश' मूल्य, म्हणजे त्या संचिकेची गणिती ओळख, नमूद करावी लागते. संचिकेत एका अक्षराचा बदल झाला तरी हे मूल्य बदलते, म्हणून ते छेडछाड उघड करणारे साधन ठरते.

या तरतुदींचा एकत्रित अर्थ असा की, जे काम पूर्वी काही निवडक गुन्ह्यांपुरते होते ते आता तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत येत आहे. राज्यात २०२५ मध्ये फिरत्या न्यायसहायक वाहनांची योजना सुरू झाली, तीही याच गरजेतून. कायदा पुढे गेला, आता मनुष्यबळाने त्याची गती गाठावयाची आहे.

येथे एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागेल. विज्ञानाचा वापर व्यक्तीच्या हक्कांना ओलांडून करता येत नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणी, असत्यशोधन चाचणी आणि मेंदूलेखन चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असे ठरविले. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याला उपकरणाइतकाच कायदाही यावा लागतो, तो यासाठी.

गोंदिया जिल्ह्याची गरज

जिल्ह्याची भौगोलिक व आर्थिक रचना पाहता येथे उद्भवणाऱ्या प्रकरणांचे स्वरूप लक्षात येते.

१) विषबाधा : भातशेतीच्या परिसरात कीटकनाशके घरोघरी असतात. संशयास्पद मृत्यूमध्ये अवयवांचे नमुने, म्हणजे व्हिसेरा, विषतपासणीसाठी पाठविले जातात. ते सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मेलिन हे ऊतींच्या सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी वापरावयाचे रसायन आहे. ते विषतपासणीच्या नमुन्यात मिसळले तर काही विषांचे निदान अवघड होते.

२) वन्यजीव गुन्हे : नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. विजेच्या तारा लावून होणारी शिकार, अवयवांची तस्करी आणि शिजविलेल्या मांसाची ओळख पटविणे ही वनविभागापुढील आव्हाने आहेत. मांस शिजले की त्याचे रूप ओळखता येत नाही, परंतु डीएनए तपासणीतून प्रजाती निश्चित होऊ शकते.

३) सीमा व रेल्वे : तीन राज्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आणि जंक्शनवर अमली पदार्थ व अवैध मद्य यांची प्रकरणे उद्भवतात. त्यांचा निकाल बहुतांशी रासायनिक अहवालावर अवलंबून असतो. जिल्ह्याच्या वनक्षेत्राने अनेक वर्षे नक्षल चळवळीची झळ सोसली असल्याने स्फोटकांच्या तपासणीचाही येथे संबंध येतो.

४) अपघात व सायबर फसवणूक : वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्क तपासण्यासाठी रक्त सोडियम फ्लोराइड असलेल्या कुपीत घ्यावे लागते, अन्यथा सूक्ष्मजीवांमुळे मद्यार्काचे प्रमाण बदलू शकते. भ्रमणध्वनीवरून होणारी फसवणूक तर आता गावागावांत पोहोचली आहे.

जिल्ह्यातील नमुने नागपूरच्या प्रादेशिक प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात. गोंदिया ते नागपूर हे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरचे अंतर आहे. नमुना तेथे सुस्थितीत पोहोचला तरच पुढील सर्व विज्ञान उपयोगी पडते. रक्ताने भिजलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर पावसाळी दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि डीएनए नष्ट होऊ लागतो. तोच कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला, त्यावर मोहोर लावली आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद केली, तर तो न्यायालयात टिकतो. पुराव्याचे भवितव्य असे प्रयोगशाळेच्या दारात पोहोचण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते.

खैरलांजी : पहिल्या तपासणीचे मोल

या विधानाची सत्यता पटविणारे एक दुःखद उदाहरण शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. मृतांमध्ये आई व मुलगी अशा दोन स्त्रिया होत्या. पहिल्या शवविच्छेदनावर गंभीर आक्षेप घेण्यात आले आणि दफन केलेले मृतदेह बाहेर काढून दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. मधल्या काळात मृतदेह कुजण्याची प्रक्रिया थांबत नसते. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपाला वैद्यकीय पुराव्याचा आधार मिळू शकला नाही. भंडारा येथील विशेष न्यायालयाने २००८ मध्ये आठ आरोपींना हत्येबद्दल दोषी ठरवून त्यांपैकी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासात परिवर्तित केली. हत्या सिद्ध झाली. त्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी काय घडले, या प्रश्नाचे उत्तर मात्र पुराव्याअभावी न्यायालयाच्या नोंदीत येऊ शकले नाही.

दुसरी तपासणी कितीही काटेकोर असली तरी पहिल्या तपासणीत निसटलेले परत आणू शकत नाही. प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज महानगरातील प्रयोगशाळेइतकीच, किंबहुना अधिक, तालुक्याच्या ठिकाणी आहे, हाच या प्रकरणाचा धडा होय.

प्रशिक्षणाच्या सोयी

विदर्भातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे केंद्र नागपूर हे आहे.

१) शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था, नागपूर : राज्य शासनाने मुंबई, छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) आणि नागपूर येथे अशा संस्था सुरू केल्या. बारावी विज्ञान शाखेनंतर येथे न्यायसहायक विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेता येतो. शासकीय संस्था असल्याने सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यांनी प्रथम तिचाच विचार करावा.

२) राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ : गुजरात शासनाच्या विद्यापीठाचे २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठात रूपांतर झाले. मुख्य परिसर गांधीनगर येथे आहे. नागपूर येथील तात्पुरत्या परिसराचे उद्घाटन व कायमस्वरूपी परिसराची पायाभरणी २६ मे २०२५ रोजी झाली. प्रवेशासाठी विद्यापीठाची राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा द्यावी लागते.

३) न्यायवैद्यकशास्त्र : वैद्यकीय पदवीनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातच या विषयाचे अध्यापन होऊ लागले आहे.

४) अध्यापन व संशोधन : न्यायसहायक विज्ञान हा राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, म्हणजे नेटचा, स्वतंत्र विषय आहे. 'फॅक्ट' ही अभियोग्यता चाचणीही या क्षेत्रातील उमेदवारांसाठी घेतली जाते.

कोणत्याही खाजगी संस्थेच्या ऑनलाइन पदविकेस प्रवेश घेण्यापूर्वी तिची मान्यता तपासणे आणि शासकीय भरतीच्या जाहिरातीत ती पदविका पात्रता म्हणून धरली जाते काय हे पाहणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्याला हे सांगणे ही प्राध्यापकाची जबाबदारी ठरते.

रोजगाराचे मार्ग

राज्यातील प्रयोगशाळांमधील राजपत्रित पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत, तर गट 'क' ची पदे संचालनालयाच्या भरतीद्वारे भरली जातात. २०२४ मध्ये संचालनालयाने गट 'क' मधील १२५ पदांची जाहिरात दिली होती. वैज्ञानिक सहायक, संगणक गुन्हे व ध्वनी विश्लेषण शाखेतील वैज्ञानिक सहायक, मानसशास्त्र शाखेतील वैज्ञानिक सहायक, वरिष्ठ व कनिष्ठ प्रयोगशाळा सहायक अशी पदे त्यात होती. या भरतीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, संपूर्ण राज्याच्या मानाने पदांची संख्या लहान आहे आणि अशी भरती दरवर्षी होत नाही. दुसरी, वैज्ञानिक सहायक पदासाठी न्यायसहायक विज्ञानाप्रमाणेच रसायनशास्त्राचा पदवीधरही पात्र ठरतो. म्हणजेच गोंदिया, तिरोडा किंवा आमगाव येथील महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविणारा विद्यार्थी या स्पर्धेबाहेर नाही.

याखेरीज पुढील मार्ग विचारात घेता येतील :

अ) पोलीस दलातील तांत्रिक शाखा : अंगुलिमुद्रा तज्ज्ञ, सायबर पोलीस ठाणे, स्थानिक गुन्हे शाखेतील तांत्रिक विश्लेषण. विज्ञान पदवीधर शिपाई किंवा उपनिरीक्षक म्हणून भरती झाल्यास त्याचे ज्ञान घटनास्थळी थेट उपयोगी पडते.

आ) वनविभाग : वनरक्षक व वनक्षेत्रपाल यांना वन्यजीव गुन्ह्याचा पंचनामा करावा लागतो. प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे नैसर्गिक अनुकूलता आहे.

इ) आरोग्य सेवा : परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व वैद्यकीय अधिकारी हे पीडित व्यक्तीचे नमुने घेणारे पहिले हात असतात.

ई) विधी क्षेत्र : तज्ज्ञाच्या अहवालाची उलटतपासणी करू शकणारे वकील जिल्हा न्यायालयात हवे आहेत. विज्ञानाच्या पदवीनंतर विधी पदवी घेणाऱ्यास हा उत्तम पर्याय होय.

उ) खाजगी क्षेत्र : बँका, विमा कंपन्या, लेखापरीक्षण संस्था व माहिती सुरक्षा कंपन्या यांना आर्थिक आणि संगणकीय तपास करणारे कर्मचारी लागतात. अन्न, औषध व मद्यार्क यांच्या गुणवत्ता प्रयोगशाळांत न्यायसहायक प्रयोगशाळेतील वर्णलेखन व वर्णपटमापन हीच तंत्रे वापरली जातात.

या यादीतील बहुतेक पदांच्या नावात 'फॉरेन्सिक' हा शब्द नाही. विद्यार्थ्याने पदनामाचा मोह सोडून कौशल्याकडे पाहिले तर संधींचे क्षेत्र बरेच विस्तारते.

महाविद्यालयांची भूमिका

प्रत्येक महाविद्यालयाने न्यायसहायक विज्ञानाची स्वतंत्र पदवी सुरू करावी, असे सुचविणे व्यवहार्य नाही. त्यासाठी लागणारी उपकरणे व पात्र अध्यापक उपलब्ध नसताना केवळ नावाच्या आकर्षणाने वर्ग भरणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे ठरेल. त्याऐवजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमाच्या तरतुदीचा लाभ घेऊन दोन श्रेयांकांचा 'घटनास्थळ व पुरावा' असा अभ्यासक्रम आखणे शक्य आहे. त्याचे स्वरूप पुढीलप्रमाणे असू शकेल :

१) घटनास्थळाची आखणी, मोजमाप, छायाचित्रण व रेखाचित्र. यासाठी मोजपट्टी, भ्रमणध्वनी आणि रिकामी वर्गखोली पुरेशी आहे.

२) नमुन्याची वेष्टनपद्धती, मोहोर, लेबल आणि हस्तांतराची नोंद.

३) उपलब्ध प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिके : भुकटीने अंगुलिमुद्रा उठविणे, कागदी वर्णलेखनाने शाईचे घटक वेगळे करणे, सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांच्या केसांची तुलना, संगणकावर संचिकेचे हॅश मूल्य काढणे.

४) पुराव्याचा कायदा व संमतीचे तत्त्व. हा भाग स्थानिक विधिज्ञांच्या व्याख्यानांतून शिकविता येईल.

५) अहवाललेखन : निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवून मराठी व इंग्रजीत नेमके लिहिणे. 'रक्ताचा डाग' असे न लिहिता तपासणीपूर्वी 'रक्तासारखा तांबूस डाग' असे का लिहावे, हे विद्यार्थ्याला समजणे म्हणजे वैज्ञानिक वृत्तीचे शिक्षण होय.

अशा अभ्यासक्रमाला मोठा खर्च येत नाही. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, संगणक, राज्यशास्त्र आणि मराठी या विभागांनी तो एकत्रितपणे चालविल्यास आंतरविद्याशाखीय अध्यापनाचा तो नमुना ठरेल. जिल्हा पोलीस, वनविभाग आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी सामंजस्य करार करून प्रशिक्षणवर्ग घेता येतील. मात्र विद्यार्थ्यांना चालू प्रकरणांतील मुद्देमाल, मृतदेह किंवा पीडितांची माहिती दाखविली जाणार नाही, हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल.

याचा आणखी एक लाभ आहे. राज्यात गंभीर गुन्ह्यांमध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याची पद्धत आहे. उद्या शिक्षक, ग्रामसेवक किंवा लिपिक होणारा विद्यार्थी पंच म्हणून उभा राहिला तर आपण कशावर स्वाक्षरी करीत आहोत हे त्याला कळेल. साक्षीदार फितूर होण्याच्या आणि पंचनामा न्यायालयात कोसळण्याच्या समस्येला एवढ्याने उत्तर मिळणार नाही, परंतु सुजाण पंच ही तिची एक बाजू नक्कीच सावरील.

समारोप

न्यायसहायक विज्ञानातील करिअरचा विचार केवळ नोकरीच्या संख्येत केला तर चित्र आशादायक आणि निराशाजनक असे दोन्ही दिसते. कायद्याने मागणी वाढविली आहे, परंतु प्रयोगशाळेतील पदे मोजकीच आहेत. म्हणून विद्यार्थ्याला मूळ विज्ञानविषयात पक्के करणे, स्पर्धा परीक्षेची दिशा दाखविणे आणि त्याच वेळी पर्यायी मार्ग मोकळे ठेवणे हेच प्रामाणिक मार्गदर्शन ठरेल. जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या गावात गुन्हा घडतो, तेव्हा नागपूरचे तज्ज्ञ पोहोचेपर्यंत पुराव्याची राखण स्थानिक शिपाई, वनरक्षक, परिचारिका आणि पंच यांनाच करावयाची असते. त्यांतील बहुतेक जण जिल्ह्यातील महाविद्यालयांतूनच शिकून गेलेले असतात. त्यांनी वर्गात काय शिकले, यावर एखाद्या निरपराधाची सुटका आणि एखाद्या पीडितेचा न्याय अवलंबून असू शकतो. अभ्यासक्रम मंडळांनी आणि प्राध्यापकांनी या विषयाकडे त्या दृष्टीने पाहावे, ही अपेक्षा.